जुनी क्लासिक गाडी घेताना भाव, बोलणं आणि माणुसकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली बरीच वर्षं जुन्या गाड्यांच्या नादात आहे, मुख्यतः प्रीमियर पद्मिनी, मधे एक ॲम्बॅसेडर, आणि एक स्टँडर्ड हेराल्ड जी चालू करण्यातच दोन वर्षं गेली. त्यामुळे लोक मेसेज करतात. सुरुवात कार्बोरेटर नाहीतर स्पेअर्सपासून होते आणि मेसेजच्या शेवटी, जरा लाजत, खरा प्रश्न येतो: "पण त्या काकांना खरं सांगू का?" असे प्रश्न इतके साठले की एकदाच लिहून ठेवतोय. मी वकील नाही, आरटीओचं जे लिहिलंय ते खेटे घालून शिकलोय. फी मधेमधे बदलतात, जाण्याआधी एकदा बघून घ्या.

१. क्लासिक म्हणजे नक्की कुठली गाडी? व्हिंटेज आणि क्लासिक एकच ना?

बोलताना सगळं एकच, कागदावर नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत 'व्हिंटेज' म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी. तिची तशी वेगळी नवी नोंदणी करायची तर २०,००० रुपये फी, १० वर्षांची मुदत आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. क्लासिक या शब्दाला मात्र आपल्याकडे अशी कायद्याची चौकट नाही. जुन्या गाड्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फिव्हा, ती ३० वर्षं धरते. म्हणजे १९७४ ची पद्मिनी व्हिंटेजमधे बसू शकते आणि १९९८ ची पद्मिनी ही नुसती जुनी झालेली, छान गाडी आहे. हे सांगायचं कारण म्हणजे 'व्हिंटेज आहे साहेब' म्हणून ९८ च्या गाडीचे दुप्पट पैसे मागणारे भेटतात, आणि उलट ५० च्या दशकातली डुक्कर फियाट (जुन्या फियाट ११०० चं टोपणनाव) 'जुनं डबडं' म्हणून चार पैशांत उचलणारेही.

२. हा सरळ व्यवहार आहे, यात चांगुलपणा कशाला आणायचा?

शोरूमची किंमत छापलेली असते, तिथे चांगुलपणाची गरज फारशी पडत नाही. जुन्या गाडीत एकाला गाडीचं सगळं माहीत असतं आणि दुसऱ्याला बाजाराचं, आणि दोघंही आपापलं झाकून बसलेले असतात. १९३० चा माल विक्री कायदा ढोबळमानाने असं म्हणतो की घेणाऱ्याने बघून घ्यावं, म्हणजे बऱ्याच गोष्टींबद्दल गप्प बसायला कायद्याची हरकत नाही. पण कायद्याची हरकत नाही म्हणून केलेल्या गोष्टी नंतर रात्री आठवतात हा माझा अनुभव आहे (प्रश्न १५ बघा). आणि तुम्हाला व्यवहारातलंच कारण हवं असेल तर हे वर्तुळ फार छोटं आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पार्ट शोधणारा, पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी फिरणारा, आणि तुमचा मेकॅनिक, हे सगळे एकमेकांना ओळखतात. कोणी कुणाला कसं गुंडाळलं ते आठवड्यात सगळीकडे झालेलं असतं.

३. योग्य भाव काढायचा कसा? ऑनलाइन तर काहीही किंमती टाकतात.

टाकलेली किंमत म्हणजे मालकाचं स्वप्न. विकली गेली त्या किंमतीला अर्थ आहे, आणि ती कळायला तीन-चार लोकांना फोन करावे लागतात. मी उलटं गणित करतो. त्याच मॉडेलची, चालू, कागद चोख असलेली गाडी हल्ली कितीला गेली? समजा तीन लाख. मग समोरच्या गाडीला तिथपर्यंत न्यायला काय लागेल ते वजा. टिंकरिंग (पत्र्याचं काम) आणि रंग समजा ९० हजार, कागदपत्रं २५ हजार, टायर-बॅटरी-ब्रेक २५ हजार. राहिले एक लाख साठ. यातून माझ्या त्रासाचे थोडे कमी करतो. हा कागद मी मालकासमोर ठेवतो, अक्षरशः वहीचं पान, आणि सांगतो की यातला कुठला आकडा चुकलाय वाटत असेल तर खोडा.

एक लक्षात ठेवा, भाव पत्र्यावर ठरतो, इंजिनवर नाही. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन बांधणारे हात अजून आहेत, रिंग-पिस्टन, बोअर, हेडचं काम सगळं होतं. सडलेला फ्लोअर आणि खांब नीट करणारा टिंकर मिळणं अवघड आणि महाग. त्यामुळे 'इंजिन बंद आहे' म्हणून अर्धा भाव पाडणारा बहुतेक वेळा मालकाच्या अज्ञानाचा फायदा घेतोय हे समजा.

४. आजींना गाडीची किंमत माहीतच नाही, भंगाराचा भाव सांगतायत. गप्प घेऊन टाकू की खरं सांगू?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. सांगा.

माझ्याबाबतीत झालेलं सांगतो. पुण्यात पेठेतल्या एका वाड्यात, आता सोसायटी व्हायला निघालेल्या, जिन्याखाली एक क्रीम रंगाची पद्मिनी होती, ८० च्या दशकातली, हँडलला गियरवाली. आजोबा जाऊन सहा वर्षं झालेली. आजी म्हणाल्या, भंगारवाला अठरा हजार म्हणतोय, तू वीस दे आणि घेऊन जा बाबा, बिल्डरला जागा रिकामी पाहिजे. मी वाकून फ्लोअर बघितला, कोरडा होता. कव्हरच्या आत दरवर्षीच्या दसऱ्याच्या हळदी-कुंकवाचे थर बॉनेटवर तसेच, आणि ग्लोव्ह बॉक्समधे आजोबांची छोटी डायरी, त्यात तारीख, किलोमीटर, लिटर, पैसे, अठ्ठावीस वर्षांचं. अशी गाडी वीस हजारांत मिळणं म्हणजे लॉटरीच. आणि खोटं कशाला सांगू, खिशात वीस हजार होते आणि हात तिकडे गेलाही होता.

मी त्यांना म्हणालो, आजी, याचे एवढे कमी नाही येत, तुमच्या मुलाशी एकदा बोलू द्या. मुलगा परदेशात, त्याला रात्री फोन लावला, वर प्रश्न ३ मधे आहे तसं गणित सांगितलं. शेवटी एक लाख दहा ठरले. बाजारात त्या गाडीचे थोडे जास्तही आले असते, पण ते मी बोललो आणि मुलगा म्हणाला जास्तीचं असू दे, कागद तेवढे लवकर करा.

दोन गोष्टी यात महत्त्वाच्या. एक, तुम्ही पूर्ण बाजारभाव देणं बंधनकारक नाही, तुम्ही शोधलंय, जोखीम घेताय, टो करून नेताय, त्याचे पैसे राखा. पण समोरच्याला आकडा माहीत असताना त्याने 'हो' म्हटलं पाहिजे. दुसरं, वयस्कर माणूस एकटा असेल तर घरातल्या कोणाशी तरी बोलल्याशिवाय पैसे देऊ नका, त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. नंतर भाचा उगवतो.

५. म्हणजे घासाघीस करायचीच नाही?

करा की. घासाघीस न करता गाडी घेतली तर विकणाऱ्यालाच संशय येतो. पण पैसे कमी करणं वेगळं आणि गाडीला नावं ठेवणं वेगळं. 'मागचे दोन टायर गेलेत, त्याचे एवढे कमी करा' हे बोलणं ठीक. 'काय डबडं ठेवलंय, कोण घेणार हे' असं बोलू नये, कारण समोरच्याने त्या गाडीसाठी बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघितलेली असते, आजच्या पोरांना हे खरं वाटत नाही पण पद्मिनी दारात यायला तेव्हा तेवढा वेळ लागायचा. त्यातून लग्नाची वरात निघाली असेल, कोणाला दवाखान्यात नेलं असेल. तुम्ही डबडं म्हणता ते त्याला वेगळीकडे लागतं.

आणि फोनवर एक किंमत ठरवून, टेम्पो घेऊन दारात आल्यावर 'आता बघितली, वीस कमी करा' हा प्रकार मला अजिबात आवडत नाही. काही जण मुद्दाम करतात, कारण घरच्यांनी तोपर्यंत जागा मोकळी झाल्याचं मनात धरलेलं असतं. खरंच नवीन दोष दिसला तर दाखवा, हाताने दाखवा, आणि मालकाला 'नको मग' म्हणायची मोकळीक द्या.

६. मेकॅनिक बरोबर नेला तर मालकाला राग येईल का?

आधी फोनवर विचारलं तर येत नाही. न सांगता तीन माणसं घेऊन गेलात तर येणारच, आणि आजी-आजोबा एकटे असतील तर भीतीही वाटते. पत्रा बघायला साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या, जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी भरलेली आहे. दाराचा खालचा भाग, हेडलाईटच्या भोवती, डिकीत स्टेपनीच्या खाली, आणि फूटमॅट उचलून फ्लोअर. मॅट उचलायच्या आधी विचारा, नखाने रंग खरवडून बघू नका, ती अजून तुमची गाडी नाही. मेकॅनिकचे पैसे तुम्ही द्या, गाडी घेतली नाही तरी द्या, नाहीतर तो विकणाऱ्याकडून कमिशन घेऊन तुम्हाला 'एक नंबर गाडी' म्हणेल, आणि त्यात त्याची एकट्याची चूक नसते.

७. एक्स-टॅक्सी आहे हे कसं ओळखायचं? आणि ओळखली तर काय करायचं?

मुंबईत हा प्रश्न येणारच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. तेव्हापासून 'घरगुती वापराची' म्हणून फिरणाऱ्या गाड्या जरा जास्तच निघायला लागल्या. जुना लोखंडी मीटर डाव्या बाजूला बाहेर, मडगार्डजवळ असायचा, तिथे भोकं बुजवल्याच्या खुणा बघा. दाराच्या रबराखाली काळा, छताच्या कडेला पिवळा रंग डोकावतो. सीएनजी टाकीच्या पट्ट्यांचे डाग डिकीत असतात. आणि आरसी बुकाची जुनी पानं वाचा, तिथे लपत नाही.

टॅक्सी असणं हा काही कलंक नाही. एका टॅक्सीवाल्या चाचांची गाडी मी बघितली होती, आतलं छताचं कापड फुलाफुलांचं, एकही टाका उसवलेला नाही. भाव कमी असेल, कारण गाडी जास्त पळालीय, एवढंच. फक्त तुम्ही जेव्हा पुढे विकाल तेव्हा हे स्वतःहून सांगा.

८. टोकन दिलंय आणि आता मालक म्हणतात दुसरा जास्त देतोय. किंवा उलट: टोकन दिल्यावर मला त्याहून छान गाडी मिळाली.

दोन्हीकडून येतो हा प्रश्न, आणि गंमत म्हणजे दोघांनाही आपण बरोबर वाटतो. टोकन देताना चार ओळींचा मेसेज एकमेकांना पाठवा: किती दिले, एकूण किती, कधीपर्यंत बाकी देणार, आणि कोणी मागे फिरला तर टोकनचं काय. नंतरची निम्मी भांडणं इथेच मिटतात. असं काही ठरलं नसेल तर माझा हिशोब असा की मालक फिरला तर त्याने टोकन परत करून तुमचा जाण्या-येण्याचा, मेकॅनिकचा खर्च द्यावा, तुम्ही फिरलात तर टोकन विसरा आणि लगेच फोन करून सांगा, पंधरा दिवस फोन न उचलणं हे त्याहून वाईट, कारण तेवढ्यात त्यांनी इतर गिऱ्हाइकांना नाही सांगितलेलं असतं.

९. मालक म्हणतात सगळे रोख द्या. द्यावेत का?

दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेता येत नाही, आयकराचा नियम आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो, घेतलेल्या रकमेइतका. म्हणजे अडकणार मालक, तुम्ही नाही. बऱ्याच वयस्कर लोकांना हे ठाऊक नसतं, त्यांना बँक म्हणजे भानगड वाटते. शांतपणे समजावून सांगा आणि ट्रान्सफर करा, त्यांच्या खात्यात पैसे आल्याचा मेसेज दिसेपर्यंत किल्ली मागू नका.

१०. नाव ट्रान्सफर नंतर केलं तर चालतं ना? सह्या घेऊन ठेवल्यात.

नाही चालत, आणि मला विचाराल तर या सगळ्या यादीत सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो, भावात नाही. लोक पन्नास हजार जास्त देतात, पेढे देतात, पाया पडतात, आणि फॉर्म २९-३० सह्या करून खणात ठेवून देतात. तोपर्यंत आरटीओच्या दृष्टीने गाडी त्या काकांचीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधे नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय की नोंदीत ज्याचं नाव तो मालक, पुढे गाडी चार हातांत फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या खटल्यात गाडी खरंच अशीच एकाकडून दुसऱ्याकडे गेलेली होती आणि कागदावर पहिलाच राहिला होता. ऐंशी वर्षांच्या माणसाला कोर्टाची नोटीस येणं म्हणजे काय ते विचार करा.

विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं, राज्याबाहेर ४५ दिवसांत, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. मी काय करतो, गाडी उचलायच्या दिवशीच फॉर्मवर चेसीस नंबरचा ठसा घेतो, नंबरावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासायची, आकडे उमटतात. जुन्या गाडीत त्या पट्टीवर रंगाचे तीन थर असतात, ते हळू काढावे लागतात, आणि तिथेच कळतं की बुकातला नंबर आणि गाडीवरचा नंबर एकच आहे की नाही. जुळला नाही तर तिथेच थांबा, कितीही गोड माणसं असली तरी.

इन्शुरन्सचं एक वाक्यात: थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर येतं, पण कंपनीला १४ दिवसांत कळवून नाव बदलून घ्यायचं, नाहीतर तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. नवीन आरसी आली की तिचा फोटो जुन्या मालकाला पाठवा. तो फोटो आला की लोक हुश्श करतात.

११. मालक वारलेत, मुलगा विकतोय. बहिणीची सही लागते का? तो म्हणतो गरज नाही.

गाडी वडिलांच्या नावावर असेल तर ती आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी, त्याचा फॉर्म ३१. कायद्याप्रमाणे ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिने गाडी वापरता येते. इतर वारसांची ना-हरकत लागते, आई, बहीण, भाऊ सगळे. 'गरज नाही' म्हणणारा कधी खरंच अजाण असतो आणि कधी बहिणीला माहीतच नसतं की गाडी विकली जातेय. मी तर सरळ म्हणतो, ताईंशी एकदा फोनवर बोलू द्या, गाडीबद्दल त्यांच्या काही आठवणी असतील तर ऐकायच्यात. यात खोटं काही नाही, आणि दोन मिनिटांत सगळं कळतं. एकदा ताई म्हणाल्या होत्या, "विकताय? मला कोणी सांगितलंच नाही." गाडी मला मिळाली नाही. ती आता त्यांच्याच मुलाकडे आहे, ठाण्यात, चालू आहे.

जिवंत मालकांना आरसीवर नॉमिनी टाकायची सोय आता आहे, घरात जुनी गाडी असेल तर टाकून ठेवा, पुढचा त्रास कमी होतो.

१२. आरसीची मुदत संपलीय, बुक हरवलंय, ऑनलाइन गाडी दिसतच नाही. हा खर्च कोणी करायचा?

तीन वेगळे रोग आहेत हे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २० वर्षांवरच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झालीय, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर आणि उशीर झाला असेल तर महिन्यावर मोजलेला दंड. जिन्याखाली बारा वर्षं उभ्या गाडीचा आकडा ऐकून घाम फुटतो. बुक हरवलं असेल तर तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि डुप्लिकेट, याला मूळ मालकाची सही लागतेच. आणि हाताने लिहिलेल्या बुकाच्या काळातली गाडी पोर्टलवर दिसत नसेल तर आरटीओत जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. तिथला वेळ कोणी सांगू शकत नाही.

खर्च शक्यतो भावातून वजा (प्रश्न ३), धावपळ घेणाऱ्याची. पंच्याहत्तरीच्या माणसाला 'तुम्ही कागद करून आणा मग घेतो' म्हणून सांगणं मला पटत नाही, तुम्हाला गाडी हवीय ना, मग तुम्ही रांगेत उभे रहा, सहीपुरतं त्यांना रिक्षाने न्या आणि रिक्षाने सोडा.

१३. दिल्लीहून स्वस्तात मिळतेय, घेऊ का?

तिकडे पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षांचा नियम असल्यामुळे लोकांनी घाईत गाड्या विकल्या, म्हणून स्वस्त. घेताना एनओसी (तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र) आधी हातात पडू दे, तुमच्या आरटीओत विचारून घ्या, आणि समोरचा अडचणीत आहे म्हणून त्याला आणखी पिळू नका. तशीच गाडी नंतर इथे आणून 'एक हात, पुण्याची' म्हणून विकणारे आहेत, तुम्ही होऊ नका.

१४. 'मी जपेन' असं सांगून गाडी घेतली होती, आता पैशांची अडचण आलीय, विकावी लागतेय. चुकतंय का?

अडचण येते, त्यात काही चूक नाही. पण ते वाक्य बोलून तुम्हाला गाडी स्वस्त मिळाली होती का, याचा विचार करा. मिळाली असेल तर जुन्या मालकाला आधी फोन करा, घेतलेल्या किंमतीला अधिक झालेल्या खर्चाला परत हवीय का विचारा. बहुतेक वेळा नको म्हणतात, पण विचारल्याचं बरं वाटतं. दोन महिन्यांत दुप्पट किंमतीला टाकायचा बेत पहिल्या दिवसापासून असेल तर 'जपेन' म्हणूच नका, सरळ सांगा की मी गाड्या घेऊन, नीट करून विकतो. तो धंदा आहे, चांगला धंदा आहे, त्यात तोंड लपवण्यासारखं काही नाही.

गाडी तोडून पार्ट विकण्याबद्दल: पत्रा पार गेला असेल तर तोडणं हाच उपाय असतो, तिच्या पार्टवर दुसऱ्या तीन गाड्या चालतात. पण मालकाला आधी सांगून. आणि तोडली की आरटीओत नोंदणी रद्द करायची, नंबर हवेत ठेवायचा नाही.

१५. गाडीबरोबर जुन्या पार्टचा डबा फुकट मिळाला, त्यात महागडं सामान निघालं. सांगायचं का?

इथे मी चुकलोय म्हणून लिहितो. नाशिकला एका निवृत्त काकांनी गाडीबरोबर एक पत्र्याचा ट्रंक दिला, 'भंगार आहे, घेऊन जा.' मी तिथेच झाकण उघडून बघितलं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हेडलाईटच्या दोन रिंगा, क्रोमची नवी कोरी ग्रिल, चार व्हीलकॅप, सगळं न वापरलेलं. मला किंमत कळली आणि मी झाकण लावलं. घाटात येताना खूश होतो. नंतर जेव्हा जेव्हा ट्रंक दिसायचा तेव्हा काहीतरी व्हायचं, शेवटी पाचेक महिन्यांनी फोन केला, सांगितलं की काका, त्या डब्यात एवढ्याएवढ्याचं सामान होतं, मला तेव्हाच कळलं होतं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पैसे नकोत, एक व्हीलकॅप पाठव, भिंतीवर लावतो. आणि मग म्हणाले, तेव्हा बोलला असतास तर दोन मागितल्या असत्या. दोन पाठवल्या.

१६. सोसायटीत गाडी सडतेय, मालक विकतही नाही आणि बघतही नाही. काय करू?

एकदा जा, नाव-नंबर लिहून चिठ्ठी द्या, आणि थांबा. काच पुसून मधे चिठ्ठ्या अडकवत बसू नका. काही हुशार लोक पालिकेत तक्रार करतात म्हणजे नोटीस लागेल आणि मालक घाबरून विकेल, हा सरळसरळ दबाव आहे, मला कोणी सल्ला विचारला तर मी त्याला मदत करत नाही. काही गाड्या विकायच्या नसतातच. एका काकूंनी मला सांगितलं होतं, "ती आहे तिथे राहू दे, खिडकीतून दिसते." आता यावर काय भाव सांगणार?

१७. वॉचमन किंवा घरच्या ड्रायव्हरने गाडी दाखवली, त्याला काही द्यावं का?

हो, आणि मालकाला सांगून. लपवून दिलं तर तो माणूस अडचणीत येतो. वीस वर्षं ती गाडी पुसणारा ड्रायव्हर असेल तर त्याच्याशी अर्धा तास बोला, चोक किती ओढायचा आणि थंडीत कुठल्या बाजूने धक्का द्यायचा हे मालकाला नाही, त्याला माहीत असतं.

१८. मीच विकतोय. घेणाऱ्याशी कसं वागायचं?

वरचं सगळं उलटं धरून वाचा. विशेष म्हणजे गाडी आधी गरम करून ठेवू नका, थंड इंजिन त्याच्यासमोर चालू करा, धूर दिसायचा तो दिसू दे. कुठे ठोकलीय, कुठे पाणी येतं, कुठला गियर सुटतो हे कागदावर लिहून द्या. कॉलेजचा पोरगा पहिल्यांदा जुनी गाडी घेत असेल तर महिन्याचा खर्च खरा सांगा. एकाला मी नाही विकली, वडिलांना न सांगता आला होता.

१९. गाडी नेल्यावर जुन्या मालकांशी संपर्क ठेवावा का? त्यांना त्रास तर होणार नाही?

त्यांच्यावर सोडा. काहींना फोटोही नको असतो. एक आरसीचा फोटो (प्रश्न १०), आणि गाडी तयार झाली की एक, त्याला उत्तर आलं तर पुढे. डायरी, देवाची मूर्ती, जुने फोटो असं काही सापडलं तर ते न विचारता परत करायचं.

पेठेतल्या आजींना डायरी मी पहिल्याच आठवड्यात नेऊन दिली. रंगकाम संपायला वर्ष लागलं, मग फोन केला की येऊ का गाडी घेऊन. त्या नव्या फ्लॅटच्या गेटपाशी नऊवारी नेसून उभ्या होत्या, हातात लिंबू. चाकाखाली ठेवलं, मग मागच्या सीटवर बसल्या, पुढे बसा म्हटलं तर नको म्हणाल्या, मी कायम इथेच. लक्ष्मी रोडला एक रिक्षा आडवी आली म्हणून हॉर्न दिला, तर लगेच मागून आवाज आला, "हॉर्न बदललास का रे?"

बदलला होता. जुना कर्कश वाजायचा म्हणून काढून डब्यात टाकला होता, त्याच रविवारी परत बसवला.